खोकं का घसरत नाही

आई : म्हणून सांगते, ती ‘ठीक आहे’ म्हणाली की तिथं थांबायचं नाही. परत एकदा विचारायचं. पहिल्या खेपेला ती खरं सांगतच नाही.

ताई : काकू, तुम्ही उलटं सांगताय. वर्गात तीच मला सांभाळते. लग्नात अर्धवट सुटलेलं कॉलेजचं पहिलं वर्ष घेऊन मी परत बसलेय, आजूबाजूला सगळी कोवळी पोरं. मेकॅनिक्सच्या पहिल्या तासाला मला फक्त रडायचं बाकी होतं. ही शेजारी सरकली, दोन बाण काढून दाखवले, तेव्हा कुठं कळलं की सर कशाबद्दल बोलताहेत.

मुंगी : आई, तुझी बस.

आई : बस कुठं पळून जात नाही. तू ती बादली आत ठेव आधी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येतेय. ऐक ग, शाळेत होती तेव्हा हिचं बोट दारात चेंगरलं. घरात पाहुणे. बाईसाहेब एक हात पाठीमागे धरून दुसऱ्या हातानं सगळ्यांना पाणी देत होत्या. हसत. पाहुणे गेल्यावर म्हणते, आई, तुला जरा वेळ आहे का? नख निघालं होतं.

मुंगी : झालं. ही गोष्ट सांगितल्याशिवाय आमच्या मातोश्रींचा कुठलाच प्रवास सुरू होत नाही.

ताई : असू दे ग. आयांचं असंच असतं. माझी छोटी झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून बघते, श्वास चालू आहे ना.

आई : म्हणूनच तुला सांगतेय. आल्यापासून बघतेय मी, तुझं लक्ष दहा ठिकाणी असतं. खिडकीची कडी, जिन्याचा कठडा, सगळं बघून झालं तुझं.

ताई : ती सगळी नजर छोटीवरच खर्च होते, काकू. आणि मुंगी काय लहान आहे का आता? तुम्ही निर्धास्त जा. काही दुखलंखुपलं तर सांगेल की ती.

आई : सांगणार नाही, हेच तर मघापासून सांगतेय.

ताई : बरं बरं. बघेन मी.

* * *

मुंगी : हॅलो? येतोय का आवाज?

ताई : येतोय, पण हळू बोल. छोटीचा आत्ताच डोळा लागलाय. मांडीवर आहे, फोन उशीला टेकवलाय, एका हातानं लिहितेय. दुपारचा हा एवढाच तास माझा. तिसऱ्या गणितात अडकलेय.

मुंगी : खोक्याच्या?

ताई : तेच मेलं. तिरकी फळी, वीस अंश. तिच्यावर दहा किलोचं खोकं. खोकं घसरत नाही, तर घर्षण किती ते काढा. मी काढलं. छप्पन्न. मागे उत्तर दिलंय चौतीस. पुस्तक चुकलंय.

मुंगी : हो, पुस्तकच चुकलं असणार.

ताई : हसवू नकोस. मांडी हलली माझी, ही उठेल.

मुंगी : पेन खाली ठेव. ठेवलंस? आता खोक्याला विचार.

ताई : परत तेच? तुझं हे खोक्याला विचारणं घरात कुणी ऐकलं ना, तर माझं शिक्षण बंद करतील.

मुंगी : नियम म्हणजे नियम. एकही आकडा लिहायच्या आधी खोक्याला विचारायचं, बाबा रे, तुला कोण कोण काय काय करतंय? ते म्हणेल, काही नाही, मी नुसतं बसलोय. मग परत विचारायचं. नुसतं कुणी बसलेलं नसतं.

ताई : हे तुझ्या आईचं दिसतंय.

मुंगी : तिचंच. ती माझ्यावर वापरते, मी खोक्यावर.

ताई : बरं, विचारलं. पृथ्वी खाली ओढतेय. शंभर. फळी खालून ढकलतेय, पण सरळ वर नाही, फळीशी काटकोनात. चौऱ्याण्णव.

मुंगी : छान. आणि?

ताई : आणि घर्षण, चढाच्या दिशेनं. घर्षणाचा गुणांक, म्यू, दिलाय शून्य पूर्णांक सहा. गुणिले चौऱ्याण्णव. छप्पन्न.

मुंगी : आणि वजनातला किती भाग उताराकडे खेचतो?

ताई : चौतीस.

मुंगी : म्हणजे खाली चौतीस आणि वर छप्पन्न. मग खोकं कुठं जाईल?

ताई : वर.

मुंगी : आपणहून. चढ चढत. ताई, असं खोकं तुझ्याकडे असेल तर मला दे. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, पाण्याचा कॅन मला उचलवत नाही. त्यावर ठेवीन, म्हणेन, चल रे.

ताई : अग बाई. खरंच की.

मुंगी : छप्पन्न ही घर्षणाची ताकद झाली. जास्तीत जास्त तेवढं लावू शकतं. पण समोरून चौतीसच आलं तर ते चौतीसच लावतं. पाच आलं तर पाच. घर्षण शहाणं असतं, ताई. जितकं लागेल तितकंच लावतं, उगीच गाजावाजा नाही. सगळी पोरं इथंच चुकतात, सरळ म्यू गुणून मोकळी होतात.

ताई : मग नुसतं बघणाऱ्याला कसं कळायचं, आत्ता किती लावतंय ते?

मुंगी : बघून नाही कळत. काढावं लागतं. थांब हं जरा.

ताई : काय ग?

मुंगी : काही नाही. कळ आली पोटात. काल बाहेर खाल्लं ना, ते भोवलंय.

ताई : गोळी घेतलीस का?

मुंगी : घेतली की.

ताई : ठीक आहेस ना?

मुंगी : ठीक आहे. पुढचं वाच.

ताई : पुढचं म्हणजे ‘ब’. फळी हळूहळू उचलत गेलो, तर... थांब, थांब. छोटी शिंकली.

मुंगी : बरं.

ताई : परत शिंकली. दोनदा, मुंगे. कपाळ बघते. गरम नाहीये. की आहे? तळहाताला कधी कधी कळत नाही, गाल लावून बघते.

मुंगी : लाव गाल. शिंक आहे, भूकंप नाही.

ताई : तुला पोर झालं की विचारीन. पंखा बारीक करते. दुपट्यातून पाय बाहेर आलाय, गार पडलाय नुसता. हं. काय म्हणत होते मी?

मुंगी : ‘ब’.

ताई : हं, ‘ब’. फळी किती अंशांपर्यंत उचलली तर खोकं सुटेल?

मुंगी : ते तू कर. मी आज नाही सांगायची. छोटी उठली की एक जाड पुठ्ठा घे, त्यावर खोडरबर ठेव आणि एका बाजूनं उचलत जा. कधी सुटतं ते डोळ्यांनी बघ. मग कागद घे.

ताई : आणि तू काय करणार?

मुंगी : मी जरा आडवी होते. गंमत म्हणजे आता एकदम बरं वाटतंय. कळ गेली बघ.

ताई : लागू पडली गोळी. सोमवारी जमा करायचंय ना हे?

मुंगी : सोमवारी. तोवर दोन दिवस सुट्टीच आहे. आईला फोन करते आणि झोपते. छोटीचा पापा घे माझ्या वाटचा. हळूच, उठवू नकोस.

* * *

(मुंगीची तीच खोली, महिन्याभरानंतर. गादी गुंडाळून भिंतीशी उभी केलेली. आई आणि ताई टेबलाशी.)

आई : घरमालकीणबाई म्हणाल्या, सावकाश आवरा, घाई नाही. आवरायला आहे काय इथं? दोन पिशव्या भरल्या. नावाप्रमाणे मुंगीचंच बिऱ्हाड.

ताई : काकू, तुम्ही बसा. गादी मी बांधते.

आई : राहू दे ती. छोटी कुठेय?

ताई : सासूबाईंपाशी. इथं आणायला धीर होईना.

आई : आणायचीस. लहान मूल असलं की हातांना काम असतं. हे टेबल मी मुद्दाम तसंच ठेवलंय, तू यायची होतीस म्हणून. मला एक शिकवशील?

ताई : मी? मी काय शिकवणार तुम्हाला?

आई : हेच. ती करत होती ते. त्या शुक्रवारी संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणाली, आई, घर्षण शहाणं असतं. जितकं लागेल तितकंच लावतं, गाजावाजा करत नाही. बघणाऱ्याला वाटतं नुसतं बसलंय. मी भाजी चिरत होते. म्हटलं, बरं बरं, जेवून घे.

ताई : काकू.

आई : त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला तर उचलला नाही, नुसता मेसेज आला, झोपतेय, नंतर बोलते.

ताई : मलाही तोच आला होता.

आई : सोमवारी ती खाली उतरली नाही म्हणून घरमालकीणबाईंनी दार उघडवलं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तोंडात नळी होती. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स शुक्रवारीच फुटलं असणार. फुटल्यावर थोडा वेळ बरंसुद्धा वाटतं म्हणे माणसाला. ते विष सगळीकडे पसरेपर्यंत.

ताई : हो. मला सांगितलं त्यांनी.

आई : आता मी ते एक वाक्य घेऊन बसते. भांडी घासताना तेच, बसमध्ये तेच. ती मला स्वतःबद्दल सांगत होती का ग? की अभ्यासाबद्दलच बोलत होती? येणारा जो तो म्हणतो, विचार करू नका. बहीण म्हणते, देवाची मर्जी. मला मर्जीबिर्जी नको. मला ते खोकं समजावून सांग. समजलं तर माझं मला कळेल.

ताई : सांगते. तो जाड पुठ्ठा द्या इकडे. आणि खोडरबर असेल बघा, डाव्या खणात.

आई : हे? कोपरा चावलाय त्याचा. अजून चावायची.

ताई : विचार करताना. मी रागवायचे, म्हणायचे, छोटीसारखं सगळं तोंडात घालतेस. हं, आता हे खोडरबर म्हणजे खोकं, पुठ्ठा म्हणजे फळी. तुम्ही या बाजूनं धरा आणि हळूहळू उचला. अगदी हळू.

आई : उचलला.

ताई : काय होतंय त्याला?

आई : काही नाही. बसलंय.

ताई : परत विचारा.

आई : कुणाला?

ताई : खोडरबराला. तिचा नियम होता. पहिल्यांदा ते म्हणतं, काही नाही, मी बसलोय. मग परत विचारायचं.

आई : हे तर मी तिला म्हणायचे.

ताई : हो. तिनं सांगितलं होतं मला, आईचं आहे म्हणून.

आई : तिच्या लक्षात होतं म्हणजे. मला वाटायचं, या कानानं ऐकते नि त्या कानानं सोडून देते. बरं, विचारलं. पुढं?

ताई : पुठ्ठा तिरका झाला की वजन त्याला उताराकडे ओढायला लागतं. मग पुठ्ठ्याचा खरखरीतपणा त्याला धरून ठेवतो. तेच घर्षण. ओढ थोडी असली तर ते थोडं धरतं, ओढ वाढली की जास्त धरतं. अजून उचला.

आई : अजून? हे बघ. तसंच आहे.

ताई : दिसतं तसंच. पण आता मघापेक्षा दुप्पट धरून बसलंय ते.

आई : दुप्पट? कणभर हललं नाही.

ताई : हलत नाही. अजून थोडं.

आई : बसलंय. बसलंय. अजून बसलंय. अग.

ताई : असू दे, मी उचलते. टेबलाखाली गेलं.

आई : एकदम गेलं.

ताई : हो.

आई : आधी जरासं सरकेल, कुरकुरेल, असं वाटलं होतं मला. डोळ्यांत तेल घालून बघत होते मी.

ताई : एका मर्यादेपर्यंत धरतं, काकू. त्या मर्यादेच्या आदल्या क्षणालासुद्धा ते पहिल्यासारखंच दिसतं.

आई : परत ठेव. या वेळी आणखी हळू उचलते.

ताई : काकू, तसंच होईल.

आई : ठेव तू.

ताई : ठेवलं.

आई : बसलंय. विचारलं मी त्याला. बसलंय. परत विचारलं. गेलं.

ताई : त्या गणितात हा कोन एकतीस अंश येतो. तिसापर्यंत टिकतं. तिनं ते मला करायला ठेवलं होतं, सांगितलं नव्हतं. मी सोमवारी वर्गात तिची वाट बघत होते, उत्तर आलं म्हणून सांगायला.

आई : मग मला आता खरं सांग. ती याच्याबद्दलच बोलत होती ना?

ताई : याच्याबद्दलच. त्याच दुपारी मलाही हेच वाक्य म्हणाली होती. माझं गणित चुकलं होतं, घर्षण गरजेपेक्षा जास्त धरलं होतं मी. त्यामुळे खोकं आपणहून चढ चढत होतं. म्हणाली, मला दे ते खोकं, पाण्याचा कॅन त्यावर ठेवते आणि म्हणते, चल रे.

आई : असं म्हणाली?

ताई : मांडी हलेल म्हणून मला हसू दाबावं लागलं, छोटी झोपली होती.

आई : चल रे म्हणाली. हो, तिचंच आहे हे. म्हणजे तेव्हा मजेत होती ती. काही दुखत नव्हतं तिला. बरं झालं बाई. एवढंच पाहिजे होतं मला.

ताई : काकू.

आई : तू गादी बांधते म्हणाली होतीस ना? सुतळी त्या पिशवीत आहे.

ताई : काकू, मध्ये ती थांबली होती. पोटात कळ आली म्हणाली. बाहेरचं खाल्ल्यामुळे असेल म्हणाली.

आई : तू विचारलंस?

ताई : विचारलं. ठीक आहे म्हणाली.

आई : किती वेळा विचारलंस?

ताई : एकदा. तेवढ्यात छोटी शिंकली.

आई : तिला ताप होता?

ताई : नाही. नुसती शिंक होती.

आई : हं.

ताई : तुम्ही मला सांगून गेला होतात, काकू. इथंच, या दारात उभ्या राहून.

आई : सांगून गेले खरी. आणि संध्याकाळी मला फोन आला, तेव्हा मी काय केलं? तू एकदा तरी विचारलंस. मी भाजी चिरत होते.

ताई : असं नका म्हणू.

आई : दुसरं काय म्हणू मग, तू सांग. बरं, ही पिशवी धर. खोडरबर नेऊ का मी? की तुला हवंय?

ताई : तुम्ही न्या. पुठ्ठाही न्या.

आई : पुठ्ठा घरी आहे. खोडरबर नेते.

ताई : घरी कोण आहे तुमच्यासोबत?

आई : बहीण होती परवापर्यंत. तिलाही तिचं घर आहे. मी आहे की.

ताई : पोचल्यावर फोन कराल?

आई : करीन.

ताई : जेवता ना नीट?

आई : जेवते. ठीक आहे मी.

ताई : काकू, ठीक आहात का?

आई : बस चुकेल ग माझी.

* * *

ताई : हॅलो, तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या समोरच्या घरात काकू राहतात, त्यांच्या मुंगीची मी मैत्रीण. वर्गातली. तुमचा नंबर तिनंच दिला होता मला कधीतरी, आईचा फोन लागला नाही तर असू दे म्हणून. तेव्हा मी हसले होते तिला.

नाही, तसं काही झालेलं नाही. म्हणजे, मला माहीत नाही. काकू काल इथून बसनं गेल्या. मी रात्री फोन केला, उचलला नाही. सकाळी केला, उचलला नाही. आत्ता मेसेज आलाय, ‘पोचले, ठीक आहे, झोपते.’ एवढाच.

हो, थकल्या असतील. मलाही घरात सगळे हेच म्हणताहेत. मी जरा जास्तच काळजी करते, तेही खरं आहे. मीच आले असते, पण माझी मुलगी लहान आहे आणि पोचेपर्यंत संध्याकाळ होईल. तुम्ही दोन पावलांवर आहात.

एक काम कराल माझं? त्यांचं दार वाजवा. साखर मागा, काहीही मागा. उघडलं की त्यांच्याकडे नीट बघा आणि विचारा, कशा आहात. ‘ठीक आहे’ म्हणतील. तुम्ही लगेच मागे वळू नका. तिथंच दारात थोडं उभं राहा, आणि परत एकदा विचारा.